हिमालयातले माग आणि माहेरचे घोंगडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण पाय लटपटत आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर मी या सभागृहात आले ती चहाचे ट्रे घेऊन, नाहीतर हळदीकुंकवाच्या वाणाची ताटे घेऊन. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहण्याचा प्रसंग आजच पहिला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही लडाखला जाऊन तिथले विणकाम पाहून आलात ना? मग स्वयंपाकघरात बसून मला सांगितलेत तसेच सांगा." म्हणून हे चार शब्द. चुकलेमाकले तर पदरात घ्या.

इचलकरंजीत राहून मागाबद्दल बोलणे म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखे आहे. आपल्या कानांना रात्रंदिवस मागांचा खडखडाट. आपल्यापैकी कुणाचे यजमान जॉबर आहेत, कुणी स्वतः कांड्या भरल्या आहेत. पण मी पाहिलेल्या मागाला वीज नाही, छप्पर नाही आणि आवाजही नाही. तो बाईच्या कंबरेला बांधलेला असतो.

आधी मी तिकडे गेले कशी ते सांगते. माझ्या भावाची मुलगी इथल्याच कॉलेजात कापडाचे शिक्षण घेते. तिला अभ्यासासाठी लडाखमधले लोकरीचे विणकाम पाहायचे होते. तरण्या पोरीला एकटी इतक्या लांब कशी पाठवायची? वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही जा बरोबर. तुमची पोरे आता मोठी झाली आहेत." आमच्या घरच्यांनी होकार दिला, सासूबाईंनी तर लाडूंचा डबाच बांधून दिला. मिरजेहून रेल्वेने दिल्ली आणि तिथून विमानाने लेह. जूनचे शेवटचे दिवस होते. इथे आपण पावसाची वाट पाहत होतो आणि तिथे डोंगरावर बर्फ होते.

लेह समुद्रसपाटीपासून साडेअकरा हजार फुटांवर आहे. विमानातून उतरल्यावर चार पायऱ्या चढले तर धाप लागली. दोन दिवस नुसते पडून राहा, असे तिथल्या लोकांनीच सांगितले. तिसऱ्या दिवशी बाजारात गेलो आणि मी पहिली फजिती करून घेतली. एका दुकानात शाल पाहिली. मऊ, हलकी आणि सुंदर नक्षीची. दुकानदार म्हणाला, "अस्सल पश्मिना, बाराशे रुपये." मी मोठ्या हुशारीने घासाघीस करून नऊशेला आणली. खोलीवर आल्यावर भाचीने शालीच्या दशीतला एक धागा काढून काडी लावली. धागा आकसला, त्याची काळी गाठ झाली आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास सुटला. खरी लोकर जळते तेव्हा केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटाने चोळली की राख होते. भगिनींनो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. लहानपणापासून ठाऊक होते. कारण माझे वडील घोंगडी विणायचे. ते मी आजवर तुम्हांला कधी सांगितले नाही. त्याकडे शेवटी येते.

लेहहून जीपने आम्ही रूपशूला निघालो. तो भाग चांगथांग पठारात येतो. सिंधू नदीच्या काठाकाठाने उपशी, चुमाथांग असे करत दोनशेहून अधिक किलोमीटर गेल्यावर त्सो मोरीरी नावाचे निळेशार सरोवर लागते. त्याच्या काठी कोरझोक गाव. उंची पंधरा हजार फूट. झाड म्हणून दिसत नाही. खुरटे गवत, दगड आणि वारा. हिवाळ्यात तिथे उणे तीस अंशांच्याही खाली थंडी जाते. अशा ठिकाणी चांगपा लोक राहतात. मेंढ्या, बकऱ्या आणि याक घेऊन चाऱ्याच्या मागे वर्षातून कितीतरी वेळा मुक्काम हलवतात. आपल्या धनगरांसारखेच. आपले धनगर पावसासाठी फिरतात आणि हे गवतासाठी, एवढाच फरक.

आमच्या जीपचा चालक तिकडच्याच घराण्यातला मुलगा. त्याची मावशी कोरझोकच्या वरच्या खोऱ्यात मुक्कामाला होती. तिच्याकडे त्याने आम्हांला नेले. तिकडे नमस्काराला "जुले" म्हणतात आणि आपण नावापुढे "जी" लावतो तसे ते "ले" लावतात. आई म्हणजे आमा. म्हणून मी तिला आमा-ले म्हणू लागले. ती माझ्याहून पंधरावीस वर्षांनी मोठी असेल. तिने लोणी आणि मीठ घातलेला चहा दिला. पहिला घोट घशाखाली उतरेना, पण त्या थंडीत दुसरा आणि तिसरा आपोआप उतरला.

आता जनावरांचे सांगते, कारण सगळे घर त्यांच्या अंगावरच्या केसांवर उभे आहे. आपल्याला वाटते लोकर म्हणजे लोकर. तिथे तिच्या किती जाती आणि प्रत्येकीचे काम वेगळे!

पहिली मेंढीची लोकर. अंगातले कपडे, अंथरुणे, पांघरुणे हिचीच. दुसरी बकरीची पशम. बकरीच्या राठ केसांखाली थंडीच्या दिवसांत मऊ लव येते. थंडी जितकी कडक तितकी ती लव दाट. उन्हाळा लागला की ती आपणच सुटू लागते. तेव्हा बकरीला आडवी पाडून, पाय बांधून लोखंडी फणीने ती विंचरून काढतात, कातरत नाहीत. एका बकरीची कच्ची पशम साधारण पाव किलो निघते. तीतले राठ केस, धूळ, कोंडा काढून टाकला की जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. जगभर गाजलेली पश्मिना शाल ती हीच. बकरीचे वरचे राठ केससुद्धा टाकत नाहीत, त्यांचे दोर आणि जाड कापड होते. तिसरा याक. त्याच्या पोटाखाली लोंबणारे लांब केस दोराला आणि तंबूला, आणि आतली मऊ लव, तिला खुल्लू म्हणतात, ती उबेच्या कापडाला. काहीच वाया जात नाही. आपण कोथिंबिरीच्या काड्या आमटीत घालतो ना, तसा हा हिशेब.

लोकर निवडणे, धुणे, विंचरणे आणि कातणे हे वर्षभर चालूच असते. आमा-ले बोलत होती, नातवाला दटावत होती, चुलीत शेणी घालत होती, आणि मधेच हात मोकळा झाला की टकळी फिरत होती. कातायला वेगळा वेळ काढलेला मी पाहिला नाही. मेंढरांमागे चालतानाही बायका कातत जातात.

मग तिने माग मांडला. मी "माग कुठे आहे" म्हणून इकडेतिकडे पाहत होते, आणि तिने काठ्यांची एक गुंडाळी काखेत धरून आणली. हाच माग! बाहेर उन्हात, वाऱ्याला आडोसा पाहून तिने गुंडाळीचे एक टोक जमिनीत ठोकलेल्या खुंटीला अडकवले, दुसऱ्या टोकाचा पट्टा आपल्या कंबरेमागून घेतला आणि पाय लांब करून बसली. ताणा घट्ट हवा तर ती मागे रेलते, सैल हवा तर पुढे झुकते. मागाचे अर्धे काम तिची पाठ करते. त्या मागाच्या नावाचा अर्थच मुळी "कंबरेचा माग" असा आहे. आडवा धागा भरला की तलवारीसारख्या लाकडी पट्टीने ठोकून बसवते. कापड निघते वीतदीड वीत रुंदीचे. मुक्काम हलवायचा झाला की अर्धवट विणलेल्या कापडासकट सगळे गुंडाळून जनावराच्या पाठीवर टाकायचे आणि नव्या जागी पुन्हा खुंटी ठोकायची. भगिनींनो, आपला संसारही असाच अर्ध्यावर गुंडाळून पुन्हा मांडावा लागतो, पण त्यांचे कापड वर्षातून कितीदा असे गुंडाळले जाते!

असल्या अरुंद पट्ट्या एकमेकींना शिवून अंगभर झगा करतात. त्याला गोंचा म्हणतात आणि त्या लोकरी कापडाला नांबू. रंग पूर्वी झाडपाल्याचे असत. रेवंदचिनीच्या मुळीचा पिवळा, मंजिष्ठाचा तांबडा. आता बाजारचे रंगही आले आहेत. काळा आणि तपकिरी मात्र जनावराच्या अंगावरच मिळतो.

मला खरे नवल वाटले ते पुढेच. आमा-लेच्या तंबूपासून थोड्या अंतरावर तिचे यजमान जमिनीवर लांबलचक ताणा पसरून बसले होते. ते याकच्या केसांची पट्टी विणत होते. माझ्या माहेरी रीत अशी की बायकांनी लोकर निवडायची, कातायची आणि पुरुषांनी माग चालवायचा. लडाखच्या खालच्या गावांतही असेच आहे. बायका कातणार आणि पायांनी चालवायच्या मागावर पुरुष विणणार. पण रूपशूत नवराबायको दोघेही विणकर. मेंढीच्या लोकरीचे बाईने आपल्या मागावर विणायचे आणि बकरीच्या व याकच्या केसांचे पुरुषाने त्याच्या मागावर. तिने सगळ्यांना वस्त्र द्यायचे, त्याने तंबू, खोगिराच्या पिशव्या आणि दोर द्यायचे. एकाचे काम दुसरा करत नाही, पण कुणाचे काम हलकेही मानत नाहीत. भाचीने सांगितले की मोनिशा अहमद नावाच्या बाईंनी रूपशूत राहून या विणकामाचा अभ्यास केला आणि २००२ साली त्यावर इंग्रजीत मोठे पुस्तक काढले. एका बाईने दुसऱ्या बायकांच्या हातांवर पुस्तक लिहावे, याचे मला फार कौतुक वाटले.

आता त्यांच्या घराबद्दल. याकच्या केसांच्या तंबूला रेबो म्हणतात. रंग काळा. अरुंद पट्ट्या एकीला एक शिवून दोन मोठे भाग करतात आणि ते जोडून तंबू उभा करतात. माथ्यावर मधोमध फट ठेवतात, तिथून चुलीचा धूर जातो आणि उजेड येतो. खाली जमीन थोडी खणून घेतात, कडेने दगडांची बुटकी भिंत रचतात, म्हणजे वारा आत शिरत नाही. आत शिरल्यावर वर पाहिले तर कापडातून चाळणीतून यावा तसा उजेड येत होता. मी म्हटले, "अगबाई, पाऊस आला तर?" चालक मुलगा हसला. कापड कोरडे असते तेव्हा विणीत फटी असतात, पण ओले झाले की केस फुगतात आणि फटी बुजतात. आपल्या घोंगड्याचेही असेच आहे. पावसात डोक्यावर घोंगड्याची खोळ घेतलेला धनगर आतून कोरडा असतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हिमालयातल्या चांगपाला आणि आपल्या माणदेशच्या धनगराला ही एकच विद्या कुणी शिकवली असेल? जनावरानेच शिकवली म्हणायची.

मी आमा-लेच्या टकळीकडे टक लावून पाहत होते. तिने ती हसत माझ्या हातात दिली. तिला वाटले असणार, शहरातली पाहुणी, गंमत करेल आणि धागा तोडेल. पहिल्यांदा तुटलाच. पंचवीस वर्षांत टकळीला हात लावला नव्हता. दुसऱ्यांदाही तुटला. तिसऱ्यांदा बोटांना आठवले. आजीने शिकवलेला पीळ आठवला. हातभर धागा निघाला, जाडाभरडा, पण सलग. आमा-लेने तो दोन बोटांत धरून ताणून पाहिला आणि मोठ्याने काहीतरी म्हणाली. शेजारच्या तंबूतल्या दोन बायका धावत आल्या. भाची माझ्याकडे पाहतच राहिली. "आत्या, तुला हे येते? तू कधी बोलली नाहीस!" माझ्या भावाची मुलगी ती. तिच्या आजोबांचा माग तिने पाहिला नव्हता आणि आम्ही दोघांनी तिला सांगितलेही नव्हते.

आमा-लेने चालकाकरवी विचारले, "तुमच्यात कोण विणतो?" मी सांगितले, वडील विणायचे. मग तिने आतून एक जाड चादर आणून मांडीवर पसरली. याकच्या केसांची, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली. तिच्या वडिलांनी विणलेली. आणि मला विचारले, "तुझ्या बापाने विणलेले तू काय ठेवले आहेस?"

मी म्हणाले, "घोंगडे आहे. घरी जपून ठेवले आहे."

ते खोटे होते. त्याबद्दलही शेवटी बोलते.

परतीच्या वाटेवर आम्ही लेहजवळच्या खारनकलिंग वस्तीत दोन दिवस राहिलो. ही वस्ती खारनक भागातून आलेल्या चांगपांची. गेल्या तीसेक वर्षांत एकेक कुटुंब कळप विकून इथे येऊन राहिले आणि खारनकला आता थोडीच घरे उरली आहेत. का आले? तीच कारणे, जी आपल्या खेड्यांत आहेत. पोरांची शाळा, आजारपणात दवाखाना, हिवाळ्याचे हाल. कळपामागे हिंडायला तरुण पोर मागे उरत नाही. रेबो विणायला वेळ फार लागतो आणि तो वाहायला याक लागतात. आता मुक्काम हलतो तो गाडीतून, म्हणून बहुतेकांनी विकतचे पांढऱ्या कापडाचे हलके तंबू घेतले आहेत. पूर्वी चांगपा विणलेल्या पिशव्यांत सरोवराकाठचे मीठ भरून मेंढ्यांच्या पाठीवर लादून न्यायचे आणि बदल्यात जव आणायचे. तो व्यापार थांबला तशी त्या पिशव्यांची गरजही संपली. १९५९ नंतर तिबेटची सरहद्द बंद झाली आणि १९६२ च्या युद्धानंतर काही कुरणेही हातची गेली. कला आपोआप मरत नाही, भगिनींनो. तिच्या पायाखालची जमीन आधी सरकते.

आणि एक जुने दुःख आहे ते पशमेचे. १६८४ साली तिंगमोसगांग येथे तह झाला. त्यात ठरले की चांगथांगकडची पशम लडाखमार्गे काश्मीरलाच जायची. तेव्हापासून शेकडो वर्षे उणे तीस अंशांत बकरी सांभाळणाऱ्याने पशम कच्ची विकायची आणि शाल दुसरीकडे व्हायची. काश्मिरी कारागिराची कला थोर आहे, त्यात वाद नाही. पण जिने बकरी विंचरली तिच्या अंगावर पश्मिना शाल कधी आली नाही. आपल्या गल्लीत हजारो मीटर कापड निघते आणि विणणाऱ्याच्या बायकोला दिवाळीची साडी हप्त्याने घ्यावी लागते. त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

पण रडगाणे गाऊन मी खाली बसणार नाही. चांगलेही पाहिले. खारनकलिंग, स्तोक, फ्यांग अशा गावांतल्या बायकांनी एकत्र येऊन २०१७ साली "लूम्स ऑफ लडाख" नावाची सहकारी संस्था काढली. मेंढीची लोकर, याकची लव, पशम यांचे तयार कपडे त्या स्वतः करतात आणि लेहच्या स्वतःच्या दुकानात विकतात. राठ केसांतून पशम वेगळी करायचे यंत्रही आता लेहमध्ये आहे. २०२३ साली लडाखच्या पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आपल्या कोल्हापुरी चपलेसारखे नाव राखून मिळाले. मला ज्या शालीने फसवले तसल्या मालाला त्यामुळे थोडा तरी आळा बसावा.

खारनकलिंगमध्ये एक बाई भेटली. दहा वर्षांपूर्वी कळप विकून आलेली. कंबरेचा माग तिने सोडला होता. शहरात हे कोण घेणार, असे वाटून काठ्या छपरावर टाकल्या होत्या. नंतर शेजारणींबरोबर शिकायला गेली तर शिकवणारीलाच तिने चार गोष्टी शिकवल्या. आता तिच्या हातच्या कापडावर तिच्या नावाची चिठ्ठी लागते. तिची मुलगी कॉलेजात जाते आणि सुट्टीत आईजवळ बसून विणते. मी विचारले, "मुलीने हेच करावे असे वाटते का?" ती म्हणाली, "तिला हवे ते करू दे. पण येत नाही म्हणून सोडायला नको. येत असून सोडले तर तिची मर्जी."

हे वाक्य घेऊन मी परत आले. आता माझे स्वतःचे सांगते.

माझे माहेर माणदेशातले. आम्ही सनगर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. पडवीत मागाचा खड्डा होता, त्यात पाय सोडून अण्णा दिवसभर बसायचे. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून आई खळ करायची. पहाटे ताणा अंगणात पसरून कुंच्याने खळ द्यायची. आजी कातायची, मी लोकर निवडायचे. माझ्या फ्रॉकला, केसांना, वहीपुस्तकांना मेंढीचा वास यायचा. शाळेत पोरी नाक दाबून मला "मेंढी" म्हणायच्या. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा सगळे म्हणाले, गरिबीमुळे सुटली. गरिबी होतीच. पण मीच जात नव्हते. त्या वासाची मला लाज वाटायची.

लग्न ठरले तेव्हा अण्णांनी दोन महिने बसून माझ्यासाठी घोंगडे विणले. निवडक काळ्या लोकरीचे, किनारीला पांढरी रेघ. ते मी ट्रंकेच्या तळाशी घालून आणले आणि इथे कुणाला दाखवले नाही. "माहेरी काय करतात?" असे कुणी विचारले की मी "शेती" म्हणायचे. पुढे ते घोंगडे थंडीत पाण्याच्या टाकीवर टाकले, मग धान्याच्या पोत्यांखाली अंथरले. एकदा अण्णा आले होते तेव्हा त्यांनी ते पोत्यांखाली पाहिले. काही बोलले नाहीत. पोते थोडे सरकवून दुमडलेला कोपरा नीट केला आणि चहा प्यायला बसले. पुढे घोंगड्यांना गिऱ्हाईक राहिले नाही. अण्णा गेले. भावाने पडवीत फरशी घातली तेव्हा मागाचा खड्डा बुजवला आणि मागाची लाकडे बंबात गेली. मी भावाला दोष देत नाही. मी तिथे उभी होते, मीही अडवले नाही.

लडाखहून आले त्याच दिवशी माळ्यावर चढले. घोंगडे सापडले. एका कोपऱ्याला कसर लागली होती. रिठ्याच्या पाण्यात धुतले, सावलीत वाळवले आणि सासूबाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "वेडे, माझा बाप हमाल होता. मी तरी कुणाला सांगितले होते?" आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो आणि रडलोही.

ते घोंगडे आज समोरच्या टेबलावर ठेवले आहे. भाषण संपल्यावर हात लावून पाहा. टोचेल, राठ आहे. वासही येईल. आमा-लेला मी खोटे सांगितले होते, ते आता खरे करते आहे. चालक मुलाच्या फोनवर घोंगड्याचा फोटो भाचीने पाठवला आहे. पुढच्या फेरीला तो मावशीला दाखवणार आहे.

आता मंडळाकडे एक विनंती. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव नाही. कातरणावळही सुटत नाही म्हणून धनगर ती टाकून देतात. माग उभा करणे माझ्या आवाक्यातले नाही. पण कातणे मला येते. मंडळाच्या खोलीत शनिवारी दुपारी जागा मिळाली तर ज्यांना शिकायचे असेल त्यांना मी शिकवीन. टकळ्या आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी करून द्यायचे कबूल केले आहे, लोकर माझा भाऊ आणून देईल. माझी भाची पहिली विद्यार्थिनी म्हणून नाव देऊन बसली आहे. विक्रीचे पुढे पाहू. आधी आसने, पायपुसणी असे जमेल ते करू. आणि ज्या भगिनींच्या माहेरी असा काही धंदा होता, मग तो बुरडाचा असो, कुंभाराचा असो की कल्हईचा, त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्याबद्दल बोलावे. माझी भीड आज चेपली, तुमचीही चेपेल.

 तिकडच्या रीतीप्रमाणे, जुले.